तो दिवा कुणाचा?

२०२४ चा पावसाळा. शनिवारची रात्र, साडेअकराचा सुमार. मी पुण्यात फ्लॅटवर पिक्चर बघत लोळत पडलेलो आणि आईचा फोन. गावाकडून एवढ्या रात्री फोन आला की आधी पोटात गोळा येतो.

"आरं, ते ड्रोन आज बी आलंय बघ. समदी गल्ली जागी हाय."

आमचं गाव ईट. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. त्या दिवसांत पुण्याच्या ग्रामीण भागापासून पार बीड-जालन्यापर्यंत एकच विषय होता. रात्री आकाशात दिवे घिरट्या घालतात, चोर वरून टेहळणी करतात. गावोगावी पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं पोलीस सांगत होते.

मी पण शहाणपणा केला. "आई, विमान असेल गं."

"इमान काय घरावर घिरट्या घालतंय व्हय?"

गप्प बसलो. मग सवयीनं फोनवर विमानं दाखवणारं ॲप उघडलं. आमच्या भागावरून एक प्रवासी विमान चाललं होतं. त्याचा क्रमांक, कुठून कुठं चाललंय, उंची, वेग, सगळं दिसत होतं. आता गंमत बघा. दहा किलोमीटर उंचीवरून जाणारं विमान कुणाचं, हे मी पुण्यात गादीवर पडून सांगू शकतो. पण माझ्या आईच्या पत्र्यावर शंभर मीटरवर काय उडतंय, ते ना मी सांगू शकत, ना सरपंच, ना पोलीस. तो ड्रोन होता की नव्हता, हेसुद्धा नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच माणसं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. घाबरलेल्या गावाच्या हातात काठी असते आणि खरंखोटं करायचं साधन नसतं, तेव्हा समोर येईल तो चोर ठरतो. 'वर दिसणारा दिवा कुणाचा' हा प्रश्न म्हणून मला फक्त टेक्निकल वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, नियम आहेत की! आहेत. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले, महिन्याभरात नकाशाही आला. लाल, पिवळा, हिरवा. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत बिनपरवानगी उडवा. ड्रोनला नोंदणी क्रमांकही असतो. पण तो सरकारी नोंदीत. अंधारात वर बघून तो कोण वाचणार? आणि खरी मेख पुढं आहे. 'मी कोण, कुठं आहे' हे ड्रोननं उडताना सतत सांगत राहावं, ही सोय त्या नियमांत लगेच सक्तीची केली नाही. सरकार पुढं कधीतरी अधिसूचना काढेल आणि मग किमान सहा महिन्यांची मुदत देईल, एवढंच लिहिलं. आमच्या धंद्यात याला 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' म्हणतात. त्या पुढच्या रिलीजचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच ;-)

दुसरा युक्तिवाद: ड्रोन १२० मीटरच्या खाली, विमानं साधारण १५० मीटरच्या वर, मग टक्कर होईलच कशी? कागदावर झकास! पण सप्टेंबर २०२५ आठवा. आमच्या शेजारच्या परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. माणूस उचलायला हेलिकॉप्टर छपरापर्यंत खाली येतं, म्हणजे थेट ड्रोनच्या मजल्यावर. आणि पुराचं शूटिंग करायला हौशी ड्रोनवाला बाहेर पडणार तोही त्याच दिवशी.

त्यात उंची मोजायची तऱ्हाही वेगळी. साधा ड्रोन जिथून उडाला तिथून उंची मोजतो, वैमानिकाचा काटा हवेच्या दाबावरून सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. बालाघाटाच्या कड्यावरून ड्रोन १०० मीटर वर नेला आणि दरीवर सरकवला, तर स्क्रीनवर १००च दिसणार, खाली जमीन कितीही खोल गेलेली असो. दोन मॉड्यूल दोन वेगळी शून्यं धरून बसली की काय होतं, हे इंजिनिअरला सांगायला नको.

घाबरवतोय असं वाटत असेल तर लॉस एंजेलिस बघा. जानेवारी २०२५ मध्ये तिथं वणवा पेटलेला असताना आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी माणसाच्या ड्रोननं भोक पाडलं. ऐन आगीत विमान काही दिवस जमिनीवर. तो ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला म्हणून विकला जाणारा होता. आपल्याकडं या वजनाला 'नॅनो' म्हणतात आणि त्याला ना लायसन्स लागतं, ना विमा.

मग बंदीच घालायची? अजिबात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप उतरवणारं यंत्र आमच्या सोयाबीनला हवंच आहे. गावठाणाची ड्रोनमोजणी तर आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी करून बघितली, मग स्वामित्व योजना देशभर गेली. बंदीनं हे सगळं थांबेल आणि चोर तेवढा उडवत राहील.

काहीजण म्हणतात, विमानासारखा ट्रान्सपाँडर बसवा. तेही नको. हजारो ड्रोन एकाच फ्रिक्वेन्सीवर ओरडायला लागले तर खऱ्या विमानाचा आवाज त्यात बुडेल. म्हणूनच अमेरिकेत छोट्या ड्रोनना तो सिग्नल पाठवायला मनाई आहे. त्यांनी वेगळी वाट काढली. ड्रोन वायफाय किंवा ब्लूटूथवरून आपला क्रमांक आणि जागा सांगत राहतो, जवळपासचा कुणीही तो साध्या फोनवर वाचू शकतो. जुन्या ड्रोनला वरून छोटी डबी लावता येते. मार्च २०२४ पासून तिथं याची कडक अंमलबजावणी सुरू झाली.

मला हेच हवंय. एक नक्की तारीख जाहीर करा, त्यानंतर क्रमांक न सांगणारा ड्रोन उडणार नाही. नॅनोलाही सूट नको. क्रमांक सगळ्यांना दिसू दे, मालकाचं नाव फक्त पोलिसांना, गाडीच्या नंबर प्लेटसारखं. आणि हेलिकॉप्टर येणार असेल तर त्या भागातल्या प्रत्येक ड्रोनवाल्याच्या स्क्रीनवर 'खाली उतर' असं आलंच पाहिजे.

"चोर कशाला क्रमांक सांगेल?" नाहीच सांगणार. नंबर प्लेट नसलेली गाडीही रस्त्यावर असते, पण बाकी सगळ्यांना प्लेट असते म्हणूनच ती डोळ्यांत भरते. आज सगळेच बिनप्लेटचे, त्यामुळं सगळेच संशयित.

असो. मागच्या वेळी ईटला गेलो तेव्हा शेजारच्या शेतात भर दुपारी ड्रोननं फवारणी चालली होती. पोरं मागं पळत होती. आई पदर डोक्यावर घेऊन बांधावर उभी राहून बघत होती.

"हाच का रं त्यो, रातचा?"

"नाही गं, हा फवारणीचा."

ठासून सांगितलं खरं. कशाच्या जोरावर, ते तिनं विचारलं नाही म्हणून वाचलो.