सांगून करणाऱ्यालाच आडकाठी

समुद्राचे पाथरीकरांना काय, असे आम्हांस विचारले जाते. आमची गोदावरी तिथेच जाते, पाऊस तिथूनच येतो! २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह 'लोहाफेक्स' (नावातले लोह आपलेच) हा प्रयोग उघडपणे आखला : दक्षिण महासागरात लोह मिसळून वनस्पतिप्लवक वाढवायचे. जहाज निघाल्यावर, २००८ च्या जैवविविधता कराराच्या ठरावावरून वाद उठला आणि जर्मन मंत्रालयाने तो काही दिवस रोखला. कार्बन फारसा तळाशी गेला नाही, हेही त्या शास्त्रज्ञांनीच प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये मात्र कॅनडाच्या किनाऱ्यापलीकडे सुमारे १०० टन लोहभुकटी ओतली गेली, चौकशी नंतर. लंडन प्रोटोकॉलची २०१३ ची दुरुस्ती दशक उलटले तरी अमलात आली नव्हती. अशा कायद्यास समुद्राचा राखणदार म्हणण्यास आमचा नकार आहे.