पुढून खटखट वाजतंय : दोष गाडीचा, रस्त्याचा की 'बघू नंतर' म्हणण्याचा?

नांदेड/लातूर : पावसाळा सरला, ऊसतोड सुरू झाली आणि गॅरेजवर गाड्यांची रांग लागली. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट, उदगीर, कोणत्याही तालुक्याच्या गावी गॅरेजसमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी एकच तक्रार कानावर येते. "मिस्त्री, पुढून काहीतरी खटखट वाजतंय. बघा जरा."

मिस्त्री गाडीखाली वाकतो, एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "मालक, सस्पेन्शनचं काम काढावं लागतंय." सस्पेन्शनचं म्हणजे नेमकं कशाचं, हे मालकाला कळत नाही. तो विचारतही नाही. दोन-तीन पार्ट बदलले जातात, बिल होतं आणि आठ दिवसांनी आवाज परत सुरू. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, तोही बाजारात सगळ्यांना मिळत नाही. अशात गॅरेजचं एक चुकलेलं बिल एक-दोन क्विंटल माल खाऊन जातं.

पण प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. वाडी-तांड्यावर चारचाकी ही आता चैनीची वस्तू राहिली नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण घेऊन जाणारी गाडी तीच, आजारी म्हाताऱ्याला नांदेड किंवा लातूरच्या दवाखान्यात पोचवणारी तीच आणि लग्नाचं वऱ्हाडही तिच्यातच. त्या गाडीचं पुढचं चाक वाटेत मोडलं तर काय होईल, याचा विचार खटखट ऐकतानाच करायला पाहिजे.

आवाज वाढले कशानं?

पहिलं कारण पायाखाली आहे. नांदेड-लातूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. भराव नीट दाबला नसेल, बाजूची नाली बुजली असेल, तर रस्ता लाटांसारखा होतो. आधी चीर पडते, चिरेतून पाणी उतरतं, वरून जड वाहन जातं आणि खड्डा तयार होतो.

दुसरं कारण २०२५ चा पाऊस. ऑगस्टच्या मध्यावर मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव परिसरात पाणी थेट गावात शिरलं. सप्टेंबरमध्ये तर सगळ्या मराठवाड्याला अतिवृष्टीनं झोडपलं. पिकं गेली, जनावरं गेली आणि त्यासोबत गावाकडचे रस्ते, नळकांडी पूल, साइडपट्ट्याही गेल्या. पिकाचा पंचनामा तरी झाला. रस्त्याच्या खड्ड्यानं गाडीचं जे झालं, त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

तिसरं कारण स्पीड ब्रेकर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. ताशी २५ किलोमीटरच्या वेगानं गाडी त्यावरून अलगद जावी, असा त्याचा हिशोब आहे. गावागावांत मात्र हातभर रुंदीचे, उभ्या कडेचे उंचवटे दिसतात. अपघात झाला की लोक संतापून रात्रीतून ब्रेकर टाकतात. त्यामागची कळकळ खरी असते. पण पांढरा पट्टा नाही, बोर्ड नाही, अंधारात दिसत नाही आणि गाडी त्यावर आदळते.

चौथं कारण आपलंच. सातजणांच्या गाडीत बारा माणसं आणि वरच्या कॅरियरवर सामान. शिवाय गावाकडच्या बऱ्याच गाड्या सेकंडहँड असतात. इंजिन आणि रंग बघून सौदा होतो, खाली वाकून कोणी बघत नाही.

आवाज कुठून येतो, यापेक्षा कधी येतो ते बघावं

लोखंडातून आवाज फिरतो. डाव्या चाकाचा आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो. त्यामुळे जाणकार मिस्त्री आधी विचारतो, "कधी वाजतंय?" याचं उत्तर मालकानं गॅरेजला जाण्याआधीच तयार ठेवलं तर अर्धं निदान तिथंच होतं.

सगळ्यात आधी साध्या गोष्टी. चाकाचे नट घट्ट आहेत का? पंक्चर काढल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय तोच. नट ढिला असेल तर गाडी तिथून हलवूच नये. मग जॅक आणि पान्हे जागेवर बसलेत का, बॅटरीची पट्टी ढिली आहे का, चाकावरचं प्लॅस्टिकचं आवरण लोंबतंय का, हे बघावं. पुष्कळदा 'सस्पेन्शन' इथंच सापडतं.

त्यानंतर आवाजाची वेळ बघावी.

हळू चालताना बारीक खड्ड्यांवर सारखी हलकी खटखट होत असेल तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश बघावेत. याची एक सोपी खूण आहे. ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर आवाज कमी आणि तिरपी गाडी घालून एकेक चाक चढवलं तर जास्त. हा बार दोन चाकं वेगवेगळी हलली तरच काम करतो, म्हणून असं होतं.

ब्रेक दाबला की एकदाच ठक, सोडला की परत ठक. इथं लोअर आर्मचा बुश फाटलेला असू शकतो, किंवा ब्रेकचा कॅलिपर नाहीतर पॅड ढिला असतो.

स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घेताना कट-कट-कट असा आवाज येतो, सरळ रस्त्यावर येत नाही. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांत ही बाहेरच्या एक्सल जॉइंटची खूण. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं चाकाच्या आतल्या बाजूला दिसतं. बूट फाटताच बदललं तर जॉइंट वाचू शकतो. धूळ-चिखल आत गेल्यावर जॉइंटच जातो.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना वरून, बॉनेटच्या बाजूनं टणक आवाज आला तर शॉकअपचं वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग बघावं. स्प्रिंग तुटलेली नाही ना, हेही तपासावं.

मोठ्या खड्ड्यात धाडकन आदळतं आणि गाडी नंतर झोके घेत राहते, तर शॉकअप गळालेला असण्याची शक्यता मोठी. पुढचा कोपरा दाबून सोडून बघावा. एकदा वर येऊन गाडी थांबली तर ठीक. दोन-तीनदा हलली तर शॉकअप थकला.

क्लच सोडताना किंवा गाडी बंद करताना ठोका बसतो, तर इंजिन माउंटिंग बघावं. आणि वेगासोबत वाढणारी गुरगुर असेल तर ती खटखट नव्हे. तिथं चाकाचं बेअरिंग किंवा टायर तपासावा लागतो.

कोणता आवाज थांबू देतो, कोणता नाही

इथं खरी गफलत होते. लिंक रॉड जास्त वाजतो, डोकं उठवतो, पण तो काही दिवस थांबू शकतो. शॉकअपचंही तसंच, जरी ब्रेक लागण्यावर त्याचा परिणाम होतो. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड मात्र कमी वाजतात आणि जास्त घात करतात. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. टाय रॉड सुटला तर स्टेअरिंग हातात राहतं आणि चाक मनाला येईल तिकडे वळतं. म्हणून आवाज किती मोठा आहे यावरून धोका मोजता येत नाही.

तपासणी अवघड नाही, पण जॅकवर भरवसा ठेवून नाही. गाडीखाली पक्का स्टँड पाहिजे. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. विटांचा टेकू तर नकोच, दाबानं विटा फुटतात.

चाक वर आलं की वर आणि खाली धरून हलवावं. ढिलं वाटलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. तेव्हाच दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरावा. ढिलेपणा गेला तर बहुधा बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडून धरून हलवावं. तिथं खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा आतला जॉइंट. काही गाड्यांत बॉल जॉइंटचा ढिलेपणा नुसत्या हातानं कळत नाही, तिथं मिस्त्री टॉमी घालून आर्म उचलून बघतो. बोलेरोसारख्या गाडीत वर आणि खाली असे दोन आर्म असतात, त्यामुळे तपासायच्या जागाही जास्त.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड ढिला निघाला, तर "आजची खेप मारून येतो" हे बोलणं नको.

गॅरेजमध्ये काय विचारावं

बहुतेक मिस्त्री प्रामाणिक असतात. पण घाईत, लिफ्ट नसताना, अंदाजानं काम होतं. आधी शॉकअप, मग बुश, मग आर्म, असं बदलत बदलत दोष सापडतो आणि त्या शोधाचा खर्च मालक भरतो. म्हणून चार गोष्टी पाळाव्यात.

एक, मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच ब्रेकरवर आवाज ऐकवावा.

दोन, पार्ट बदलण्याआधी त्यातला ढिलेपणा डोळ्यानं दाखवायला सांगावा आणि काढलेला जुना पार्ट घरी घेऊन जावा.

तीन, शॉकअप जोडीनंच बदलावेत. आर्म, टाय रॉड किंवा शॉकअप उघडला तर अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर नवा टायर काही महिन्यांत एका बाजूनं झिजतो.

चार, आणि हे फार कमी जणांना माहीत आहे. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. गाडी हवेत असतानाच आवळले तर रबर खाली येताना पिळलं जातं आणि नवा बुश लवकर फाटतो. "पार्ट डुप्लिकेट निघाला" म्हणून जी ओरड होते, त्यातल्या काही ठिकाणी दोष आवळण्यात असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच पार्टवर २८ टक्के होता. दर उतरला का, हे पक्कं बिल मागितलं तरच कळतं. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि ग्राहक आयोगात पुरावाही नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

विम्याबद्दलही गैरसमज आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीला काहीच मिळत नाही. फुल विमा असला तरी झिजेचा खर्च त्यात धरत नाहीत. खड्ड्यात एकदम आदळून काही तुटलं तर तो अपघात ठरू शकतो, पण त्यासाठी जागेवरचे फोटो आणि लगेच दिलेली खबर लागते. महिनाभर खटखट ऐकून मग दावा केला तर तो टिकत नाही.

रस्त्याचा हिशोब कोण देणार?

गाडी दुरुस्त झाली तरी रस्ता तोच आहे. त्यामुळे रस्ता कोणाचा, हे माहीत असणं हाही दुरुस्तीचाच भाग. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. महामार्गाची तक्रार १०३३ वर करता येते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता झाल्यावर पाच वर्षं त्याची देखभाल ठेकेदारानंच करायची असते. रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड असतो, त्यावर काम कधी झालं ते लिहिलेलं असतं. तो बोर्ड बहुतेक लोक फक्त सावलीला उभं राहायला वापरतात. त्याचा फोटो आणि खड्ड्याचा फोटो 'मेरी सडक' ऍपवर टाकता येतो. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहे, ग्रामसभेचा ठराव आहे.

कायदाही अगदीच मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेल्या १९८-अ कलमानुसार, रस्त्याच्या बांधकामात किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यानं कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक पाऊल पुढे टाकलं. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला.

पण या दोन्ही गोष्टी माणूस मेल्यावर किंवा मोडल्यावरच्या आहेत. मोडलेल्या आर्मची, गळालेल्या शॉकअपची, वाटेत अडकून पडलेल्या पेशंटच्या तासाभराची भरपाई त्यात नाही. ती आज तरी मालकाच्याच खिशातून जाते.

म्हणून दोन कामं सोबतच करावी लागतील. गावातल्या दहा गाड्यांचा एकाच रस्त्यावर एकच पार्ट जात असेल, तर ती दहा बिलं एकत्र जोडून संबंधित खात्याकडे द्यावीत. सुट्या तक्रारीपेक्षा तो गठ्ठा जास्त बोलतो. आणि तोवर आपल्या गाडीचं चाक वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघावं. पुढच्या खेपेला गाडीत सात-आठ माणसं बसण्याआधी.