कर नाही त्याला डर कशाला?

‘कर नाही त्याला डर कशाला?’ ही म्हण आमच्या यवतमाळात अलीकडे फार ऐकू येते. वकिलांच्या दिवाणखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या फेरफटक्यात, जेथे चार सुशिक्षित माणसे जमतात तेथे परदेशी घुसखोरांचा विषय निघतो. आणि कोणी थोडी शंका काढू लागला की दुसरा कोणी हे वाक्य उच्चारून वाद मिटवून टाकतो. ज्याने ही म्हण प्रथम रचली त्याच्यावर तहसील कचेरीतून दाखला काढण्याचा प्रसंग कधी आला नसावा, असे मला राहून राहून वाटते.

विषय निघण्यास कारण घडले आहे, हे मी नाकारीत नाही. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ साली सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावे २७,००० हून अधिक जन्म सरकारी संगणकात नोंदले गेल्याचे उघडकीस आले. माणशी अठरा मुले! गांधारीच्या शंभर पुत्रांची कथा ऐकून हसणारे आमचे आधुनिक मित्र या आकड्यापुढे क्षणभर स्तब्ध झाले. पोलिसांत फिर्याद झाली, विशेष चौकशी पथक नेमले गेले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. या नोंदी कोणासाठी झाल्या, बांगला देशातून आलेल्यांसाठी की आणखी कोणासाठी, याविषयी प्रत्येकाने आपापल्या पक्षाला सोयीचे उत्तर चौकशीची वाट न पाहता देऊन टाकले. आणि सर्वांच्या मुखी एकच उपाय आला : ‘प्रत्येकाचे कागद तपासा. कर नाही त्याला डर कशाला?’

मला या प्रकरणातून नेमका उलटा बोध होतो. शेंदुरसनीचे ते सत्तावीस हजार दाखले खोटे असले तरी दिसण्यात कसे असतील याची वाचकांनी कल्पना करावी. नाव स्वच्छ, तारीख स्वच्छ, आईचे नाव, बापाचे नाव, कोठे खाडाखोड नाही, कोठे ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. खोटा कागद करणारा तो एकदाच, एका बैठकीत, सर्व रकाने भरून करतो. खरा कागद मात्र साठ-सत्तर वर्षांत, दहा कारकुनांच्या हातून, दहा प्रकारच्या शाईने होत असतो. माझ्या आजोबांचे नाव शेताच्या सातबाऱ्यावर ‘गोविंदा’, शाळेच्या दाखल्यावर ‘गोविंदराव’ आणि मतदारांच्या यादीत ‘गोइंद’ असे होते. त्यांची जन्मतारीख शाळेत १ जुलै लिहिली होती, कारण त्या दिवशी शाळा भरली होती आणि मास्तर घाईत होते. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा जन्म जूनच्या नाही तर जुलैच्या पहिल्या तारखेस झाला आहे, हे कोणत्याही शाळेचे जुने रजिस्टर उघडून पाहावे. तेव्हा कागदाच्या कसोटीस आजोबा व शेंदुरसनीचा बनावट बालक यांस शेजारी उभे केले तर उत्तीर्ण कोण होईल?

आजोबांचे राहू द्या. आमचा जिल्हाच उभा करून पाहा. याचे नाव आधी वणी. १९०५ साली पुसद तालुका जोडला गेला तेव्हा ते यवतमाळ झाले. इंग्रजी दप्तरात कितीतरी वर्षे त्याचे स्पेलिंग ‘येवतमाळ’ असा उच्चार व्हावा असे होते. नावाचे असे, मालकीचे त्याहून विचित्र. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, परंतु मुलूख निजामाचाच राहिला. १९०२ च्या कराराने इंग्रजांनी तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि १९३६ साली पुन्हा एकदा निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. म्हणजे माझे आजोबा ज्या मातीत जन्मले ती कागदोपत्री हैदराबादच्या निजामाची होती, तिजवर साहेबाचा हुकूम चालत होता, आणि आजोबांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना कपाशीचा भाव ठाऊक होता. त्यांच्या नातवाने आपले मूळ सिद्ध करावे असे कोणी म्हटले, तर त्याने कोणत्या दरबाराची मोहोर आणावी?

‘पण तुम्हाला कोण विचारतो?’ असे माझे मित्र म्हणतात. हेच तर मुळाशी आहे. मला कोणी विचारीत नाही. माझे आडनाव, माझा चष्मा व माझी मराठी हाच माझा दाखला होय. विचारले जाते ते विटांच्या भट्टीवर, बांधकामाच्या पालावर, रात्रीच्या गाडीत शेवटच्या डब्यात. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही माणसांना आमच्या पोलिसांनी बांगलादेशी समजून धरले, सीमेवर नेण्यात आले व पलीकडे ढकलण्यात आले. पुढे ती भारतीयच असल्याचे सिद्ध झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांचा ‘कर’ कोणता होता? लुंगी नेसणे आणि बंगाली बोलणे. रवींद्रनाथांची जयंती साजरी करणाऱ्या आमच्या वाचनालयांनी त्या भाषेच्या या नव्या गुन्ह्याविषयी चकार शब्द काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय, दाखवावयाचे तरी काय? आधार कार्ड हे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ चा आधारचा कायदाच सांगतो. नुसते आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. बरे, प्रत्येक भारतीयाला जन्मतः मिळेल असे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र सरकार देते काय? देत नाही. आणि तरीही माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न उपस्थित झाला की शाबितीचे ओझे त्या माणसावरच पडते. १९४६ साली, इंग्रजी अमदानीत, हे कलम आले. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ते तसेच ठेवले. चोरीच्या खटल्यात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावयाचा, आणि देशातून हाकलण्याच्या प्रश्नात आरोपिताने! सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट बजावले की, सरकारजवळ काही प्राथमिक आधार असल्याशिवाय वाटेल त्या माणसाला उचलून ‘तू परदेशी नाहीस हे सिद्ध कर’ असे म्हणता येत नाही. किरकोळ तारखांच्या व स्पेलिंगच्या तफावतीमुळे परदेशी ठरविलेल्या त्या मनुष्याच्या प्रकरणात हे सांगितले जाण्यास बारा वर्षे लागली.

आमच्या जिल्ह्यात हे ओझे कोणावर पडेल? कोलामांच्या पोडावर, पारध्यांच्या बेड्यावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाऊन पाहावे. तेथील बाळंतपणे पिढ्यान्‌पिढ्या घरीच होत आली. सुईण साक्षर नव्हती. ज्या जमातींवर १८७१ पासून गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांस तर कागदाची ओळख फार जुनी आहे. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावयाची, दुसऱ्या गावी जावयाचे तर परवाना घ्यावयाचा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ऐंशी वर्षे जन्माने गुन्हेगार म्हणून ज्यांची मोजदाद ठेवली, त्यांच्याच नातवंडांना आता जन्माचा पुरावा नाही म्हणून परके ठरविण्याची पाळी यावी, यास काय म्हणावे मला कळत नाही.

मी सरकारचा अधिकार नाकारतो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. परदेशातून बेकायदा येणाऱ्यास अडविणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे, आणि ‘गरीब आहेत, राहू द्या’ म्हणून शेंदुरसनीकडे डोळेझाक करणाऱ्या दयाळू पंडितांशीही माझे मुळीच जमत नाही. सरकारी नोंदवही विकणारा जो कोणी असेल त्यास कडक शिक्षा व्हावी. तथापि कडकपणा कोठे दाखविला गेला तेही पाहा. मालेगाव वगैरे ठिकाणच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये सरकारने उशिरा जन्मनोंद करून देण्याचे काम थांबविले व मार्चमध्ये त्याचे नियम आणखी आवळले. म्हणजे ज्या कोलाम बाईला आपल्या मुलाची नोंद दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने, सरळ मार्गाने करून घ्यावयाची होती तिच्यापुढे पुढचे दार बंद झाले. आणि त्याच वर्षी, अवघ्या सहा महिन्यांनी, मागल्या दाराने सत्तावीस हजार आत गेले. पहारेकऱ्याने मागचे दार सोडून पुढच्या दाराशीच आणखी एक पहारेकरी मागावा, तसला हा ‘सर्वांचे कागद तपासा’चा पुकारा आहे.

याच मंडळींचा संताप मी ५ फेब्रुवारी २०२५ रोजी पाहिला आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना, हातात बेड्या घालून, अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्राचेही काही होते. ‘अपराधी असले म्हणून काय झाले, माणसे आहेत!’ असे तेव्हा सर्वांनी म्हटले, आणि योग्यच म्हटले. त्याहून जुनी आठवण द्यावयाची तर १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांवर हिंदी लोकांनी आपले नोंदणीचे दाखले कढईत घालून जाळले, त्यांत व्यापारी होते तसे फेरीवालेही होते. रस्त्यात कोणत्याही शिपायाने थांबवून दाखला मागावा हा अपमान त्यांना सोसवेना. ‘कर नाही तर डर कशाला’ हे ट्रान्सवालचे गोरे सरकारही म्हणत होते.

परवा आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापक स्नेह्यांकडे हा वाद पुन्हा रंगला. मी त्यांस म्हटले, तुमचा नातू २००४ नंतरचा. कायद्याप्रमाणे त्याला जन्म येथला असून भागत नाही, आईबापांचेही मूळ दाखवावे लागेल, आणि ते दाखविता दाखविता प्रश्न तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत येईल. तेव्हा मातोश्रींच्या जन्माची नोंद तेवढी काढा पाहू. ते हसले. ‘तिची कसली नोंद? ती मारेगावकडे मामांच्या वाड्यात झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. साल कोणाला ठाऊक आहे?’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘पण आमचे निराळे आहे.’

निराळे कसे, ते मी त्यांस विचारले. त्यांनी आतून चहा मागविला.