टंचाईनंतरचा पूर आणि शेतमजूर

एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने मांजरा खोऱ्यातील उभे सोयाबीन बुडविले. हा दोष एकट्या निसर्गाचा नव्हे. उजाड, टणक माळावर पाणी मुरत नाही. माती घेऊन ते नदीकडे धावते. बांधबंदिस्तीची, पाझर तलावांची कामे उन्हाळ्यातच निघाली, तर मजुराला रोजी मिळते आणि पुराचा जोरही ओसरतो. ती निघत नाहीत तेव्हा मजूर दोनदा नागवला जातो. पंचनामा सातबारा पाहून होतो. भूमिहीनाची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहिणार? याचा जाब कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीवर विचारला पाहिजे.