गटात नाव, पण काम कोणाचे?

प्रथम वर्षाचे वर्ग सुरू होताच प्राध्यापक सांगतात, 'पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रकल्प आणा.' गट कसा करावा, काम कसे वाटावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. मग ओळखीची मुले एकत्र येतात. खेड्यातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा विद्यार्थी मागे उरतो. त्याच्या वाट्याला झेरॉक्स आणि बाइंडिंग येते. सादरीकरण दुसराच करतो. कधी सारे काम तोच करतो आणि गुण सगळ्यांना मिळतात.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली. कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी गेले. अखेर भार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय नावानिशी दिले. श्रम कोणाचे, हे सभेच्या नोंदीत राहिले, म्हणून आज सांगता येते.

महाविद्यालयांनीही हेच करावे. गट प्राध्यापकांनी पाडावेत. लेखन आणि सादरीकरण पाळीपाळीने द्यावे. गुणांचा काही भाग प्रत्येकाच्या स्वतंत्र कामावर ठेवावा.

आणि विद्यार्थ्यांनो, न्यायालयात रोज दिसते ते सांगतो : तोंडी तक्रार टिकत नाही, कागद टिकतो. पहिल्याच बैठकीत वही उघडा. तारीख, काम, नाव लिहा आणि सर्वांच्या सह्या घ्या.