आई-बाबांच्या खात्याचा विमा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर-दरोडा पडला. ९४ कोटी रुपये गेले. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही, तोटा बँकेने सोसला. पण तिकडे आपल्या आई-बाबांनीच फोनवर कुणाला ओटीपी सांगितला तर? ५ लाखांचा ठेव-विमा बँक बुडाली तरच कामाचा, हे ग्रोनिंगनमध्ये बसून आपण विसरतो. भारतात व्यक्तींसाठी सायबर विमा २०१७ पासून मिळतो. माझ्या मते तो घ्यावा. मात्र हप्ता विचारण्याआधी, फसवून काढून घेतलेला ओटीपी भरपाईत बसतो का, ते विचारावे. शिवाय पैसे गेल्यास ताबडतोब फिरवायचा १९३० हा क्रमांक त्यांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लावावा. "आम्ही काय दूधखुळे आहोत?" बाबा म्हणाले. तरी मी लावलाच.