लाल दिवा आणि दाट तेल

या सदरातून आम्ही बहुधा भाषा, सणवार आणि शाळा यांविषयीच लिहीत आलो. या खेपेस मोटारीच्या तेलाविषयी लिहिणार आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या अंगणात वडिलांची नाहीतर आजोबांची जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसॅडर अजून ताडपत्रीखाली जपलेली आहे. आणि तशाच एका गाडीच्या बाबतीत गेल्या वर्षी आमच्या हातून जी चूक घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

गाडी तीर्थरूपांची. त्यांची निपाणीस तंबाखूची वखार होती आणि बिऱ्हाड बेळगावात. १९८१ साली त्यांनी ही प्रीमियर पद्मिनी घेतली ती या फेऱ्यांसाठी. पद्मिनी हे नाव कागदोपत्री. आमच्या भागात ती फियाटच. गाडीच्या कप्प्यात वखारीच्या रोजमेळासारखी एक लांबट वही असे. तीत तारीख, किलोमीटर आणि 'तेल बदलले' एवढेच शब्द, वर्षानुवर्षे एकाच वळणदार अक्षरात. दिवाणखान्यातल्या तसबिरीपेक्षा त्या वहीतच आम्हांला तीर्थरूप अधिक भेटतात.

गेल्या वैशाखात निपाणीचे लग्न आटोपून आम्ही परतत होतो. तवंदी घाट चढून माथ्यावर चहासाठी थांबलो. इंजिन अजून मंद चालत होते, तोच समोरचा तेलाचा लाल दिवा मिणमिणू लागला. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला की विझे, सोडला की पुन्हा लागे. डिपस्टिक काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत होते. पुढे वाटेवरच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसाने आतले २०डब्ल्यू-४० काढून अधिक दाट तेल घातले आणि वर तेल घट्ट करणाऱ्या कसल्याशा औषधाचा डबा ओतला. दिवा विझला. आम्ही त्याचे आभार मानून पैसे दिले.

तेलाचा दाब म्हणजे काय, याविषयी आमचा समज मुळातच चुकीचा होता. म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. पंप दाब निर्माण करतो असे आपण म्हणतो, पण तो खरे तर तेल पुढे ढकलतो एवढेच. ते तेल क्रँक आणि बेअरिंग यांमधल्या फटींतून निसटू पाहते. फटी जितकी आडकाठी करतील, तितका दाब चढतो. तो प्रमाणाबाहेर चढू लागला, तर एक स्प्रिंगची झडप उघडून जास्तीचे तेल खाली चेंबरमध्ये सोडते. नव्या इंजिनात ही फट दोन-तीन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन-तीन सहस्रांश. झिजेने ती रुंदावली की तेल सहज निसटते आणि दाब पडतो. तेल तापून पातळ झाले, तरीही पडतो. म्हणूनच थकलेले इंजिन आपले दुखणे घाटमाथ्यावर, तापलेले आणि मंद चालत असताना सांगते. सकाळी अंगणात ते तक्रार करीत नाही. दाट तेल त्याच रुंद फटीतून सावकाश निसटते, एवढ्यानेच दाब वाढलेला दिसतो. फट मात्र होती तेवढीच राहते.

आणखी एक गंमत. फिरत्या क्रँकला उचलून धरतो, तो पंपाचा दाब नव्हेच. १८८३ साली टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी वरून पाडलेल्या छिद्रातून तेल उलट बाहेर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला पाचरीसारखे आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. पंपाने फक्त पुरवठा खंडित होऊ द्यायचा नाही. फाजील दाट तेलाने नेमका तोच उशिरा होतो. गार इंजिन सुरू केल्यावर दिवा पूर्वीपेक्षा अंमळ उशिरा विझे आणि वरून टॅपेटांची टकटक ऐकू येई. आम्ही ती ऐकूनही मनावर घेतली नाही.

श्रावणात आमचा पुण्याचा भाचा आला. तो मोटारीच्या कारखान्यात अभियंता आहे. "मामा, हल्लीचं ०डब्ल्यू-२० टाका, फुल सिंथेटिक," असा त्याचा सल्ला. त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. ०डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशांतही इंजिन फिरू देणारे तेल, आणि २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ अंशांत. बेळगावची थंडी आम्हांला प्रिय आहे, पण पौषातल्या पहाटेही पारा शून्याच्या आसपास फिरकत नाही. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंशांस ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, २० क्रमांकाचा ९.३ च्याही आत. ते पातळ तेल आजच्या अरुंद फटींसाठी घडवलेले आहे. शिवाय आमच्या इंजिनात कॅमशाफ्टवर सपाट बुडाचे टॅपेट घासत असतात. त्यांना जस्त आणि स्फुरद यांच्या एका संयुगाचे कवच लागते. स्फुरदाने धूर शुद्ध करणारे उपकरण निकामी होते म्हणून २००४ पासून अशा पातळ तेलांत त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवलेले आहे. आमच्या गाडीला ते उपकरणच नाही. भाच्याला हे पटले, पण टकटक ऐकून तो एक वाक्य बोलला, ते मोलाचे होते : "दिवा सोडा, खरा दाब मोजलात का?"

मोजला नव्हता. दिव्याचा खटका साधारण पाच-सात पौंडांवर चालतो. त्याच्या वर दाब आठ आहे की चाळीस, हे दिव्याला सांगता येत नाही. खटका काढून त्याच जागी काट्याचे घड्याळ बसवले की उत्तर मिळते. हे काम अर्ध्या तासाचे आहे. आम्ही ते गणपतीनंतर करू म्हटले, आणि गणपतीआधीच इंजिनातून ठोका येऊ लागला.

तीर्थरूपांच्या वेळचे मेस्त्री आता हात थरथरतात म्हणून काम करीत नाहीत. पण आमच्यासाठी आले. चेंबर उतरवले. तेलात चंदेरी चूर चमकत होता आणि बिग एंडच्या बेअरिंगांवरचा पांढरा थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले होते. त्यांनी एक बेअरिंग आमच्या तळहातावर ठेवले. "गुरुजी, दिवा विझिवला तुमी. दुखणं तसंच ऱ्हायलं की." आमच्या विद्यार्थ्यांना प्रगतिपुस्तकातले गुण खोडून आणल्याबद्दल आम्ही आजवर पुष्कळ बोललो आहोत, त्या दिवशी बोलायला तोंड उरले नाही. वैशाखातच बेअरिंग बदलले असते, तर कदाचित क्रँकला धक्काही लागला नसता.

क्रँक उद्यमबागेत नेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये ज्या गावात सायकलींचे दुकान काढले, त्या गावात लोखंडाचे काम जाणणारा हात शोधावा लागत नाही, एवढे सुख आहे. दहा थाऊ ग्राइंडिंग झाले आणि त्या मापाची बेअरिंगे बसली. आत पुन्हा २०डब्ल्यू-४०, कसलेही औषध न घालता. ज्यांच्या गाडीच्या पुस्तकात निराळा क्रमांक असेल, त्यांनी आमचा क्रमांक उचलू नये.

वहीत पुढच्या ओळीवर आम्ही तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि 'क्रँक घासला' हे शब्द. तीर्थरूपांच्या अक्षराखाली आपले अक्षर फार वाकडे दिसते.

मार्गशीर्षात पुन्हा निपाणीस गेलो होतो. परतताना तवंदीच्या माथ्यावर त्याच टपरीशी गाडी थांबवली आणि इंजिन मंद चालू ठेवून नव्या घड्याळाकडे पाहत बसलो. काटा पंधरा पौंडांवर होता. टपरीवाल्याने दोनदा हाक मारली, तरी आम्ही उतरलो नाही. शेवटी त्याने चहा खिडकीतून आत दिला.